पाठीमागची जागा

चिझुरुने अंगठ्याच्या नखाने फुलाची कड उचलली आणि पाकळी ओढायला सुरुवात केली. चिकटवलेला कागद चांगल्या प्रतीचा होता. अर्धी पाकळी हातात आली, अर्धी खेळाच्या मशीनच्या अंगावरच राहिली. तिने बोट ओलं करून पुन्हा खरवडलं, तर गुलाबी रंगाचा पोपडाच निघाला आणि खालचा पांढरा रंग उघडा पडला.

“ते फूल खरवडायचं नसतं, ओगाता. बघायचं असतं.”

नियोजन विभागाचे प्रमुख शिरोयामा तिला आडनावाने हाक मारत कार्यशाळेच्या दारात उभे होते. हातात चहाचा पेला, चेहऱ्यावर कौतुक, कौतुक मशीनचं. कालपर्यंत हे मशीन पांढरं होतं. आज सकाळी चिझुरु कामावर आली तेव्हा ते डोक्यापासून पायांपर्यंत गुलाबी झालेलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढी फुलं उमलली होती.

“पांढरं ठेवायचं ठरलं होतं, शिरोयामा-सान.”

“ठरलं होतं. पण मी घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, गुलाबी गोड दिसेल.”

“त्या गेम सेंटरमध्ये जातात का?”

“ती कशाला जाईल असल्या टवाळांच्या अड्ड्यावर?” शिरोयामांनी चहाचा घोट घेतला.

चिझुरुने नखातला गुलाबी चुरा झटकला. आपण आत्ता काय बोललो हे या माणसाला स्वतःला ऐकू येतं की नाही, असा प्रश्न तिला वरचेवर पडायचा.

ओसाकातली ही कंपनी पूर्वी मोठ्या दुकानांच्या गच्चीवर बसवायचे डुलते हत्ती आणि गोल फिरणारी विमानं बनवायची. मग नाणं टाकून पडद्यावर खेळायच्या खेळांची लाट आली आणि हत्ती गोदामात गेले. परग्रहावरच्या फौजा पाडायच्या त्या खेळांनी सगळा देश वेडा केला होता. कॉफीच्या दुकानांतली टेबलंसुद्धा काढून लोकांनी तिथे मशीनं बसवली होती. आता मात्र लाट ओसरत होती. गेम सेंटरमध्ये तेच ते पुरुष, तोच सिगारेटचा धूर. तेव्हा वरून फर्मान निघालं, बायका आल्या पाहिजेत. बायका आल्या की त्यांच्या मागून पुरुष येतातच, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

त्यावर झालेली बैठक चिझुरु विसरू शकत नव्हती. शिरोयामांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बायकांना काय आवडतं?’ टेबलाभोवती बसलेले पुरुष एकेक सांगत गेले. खायला. खरेदी करायला. भविष्य बघायला. बाळं. एकाने ‘एकमेकींची उणीदुणी काढायला’ म्हटलं तेव्हा चांगला हशा पिकला. मग सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती तेव्हा रिकामे पेले गोळा करत होती. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन ती या विभागात लागली होती, पण चहा तिनेच द्यायचा हे कुणी ठरवल्याशिवायच ठरलं होतं.

“अरे, आपल्याकडे खरीखुरी बाई आहे की! सांग ओगाता, तुला काय आवडतं?”

“गोळ्या झाडायला.”

पुन्हा हशा. “तू सोडून,” शिरोयामा म्हणाले होते. “बाकीच्या बायकांना?”

बाकीच्या बायकांच्या वतीने तिने काय सांगायचं होतं? बाकीच्या बायका तिला भेटून काही सांगून गेल्या नव्हत्या. तरी तिने खेळ उभा केला. तिच्या भाड्याच्या खोलीखाली तांदळाचं दुकान होतं, त्याच्या वळचणीला दर वसंतात पाकोळ्या घरटं करायच्या. चोचीत चिखल धरून तारांमधून सूर मारत येणारी पाकोळी तिने चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्याने भरली. ही पाकोळी गोळ्या झाडत नव्हती. कावळे मागे लागले की त्यांना हुलकावणी देत विजेच्या तारांपर्यंत न्यायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी खाली सूर मारायचा. कावळे तारांवर आपटून पिसं होऊन खाली यायचे. मुतो नावाच्या प्रोग्रामरने तो सूर असा काही जमवला होता की पहिल्यांदा मशीनची दांडी हातात घेतली तेव्हा चिझुरुच्या पोटात पाळण्यात बसल्यासारखं झालं.

शिरोयामांना खेळ आवडला. आवडला हेच वाईट झालं.

“मातृत्व!” ते म्हणाले होते. “पिल्लांसाठी झटणारी आई. बायका रडतील.”

“अजून पिल्लं झालेलीच नाहीत. आणि घरटं नर-मादी दोघं मिळून बांधतात.”

“गिऱ्हाईकाला कुठे ठाऊक आहे?”

त्यांनी पाकोळीच्या डोक्यावर गुलाबी रिबीन चढवायला सांगितली. एका आकृतीला तीनच रंग देता येत, आणि ठिपकेही मोजके. रिबिनीला जागा करायची तर गळ्याचा तांबडा रंग आणि चोच, दोन्ही गमवावी लागत होती. मुतोने खांदे उडवून रिबीन घातलीसुद्धा.

“काय जातं तुझं?” तो म्हणाला. “साहेब खूश, आपण मोकळे.”

“चोच नसलेली पाकोळी चिखल कशात धरणार, मुतो-कुन? रिबिनीत?”

त्या रिबिनीवरून ती तीन आठवडे भांडली आणि जिंकली. चोच परत आली. आज कळत होतं, ती रिबीन गेली कुठे ते. सगळ्या मशीनभर पसरली होती.

“हे बघ,” शिरोयामा आता जरा जवळ येऊन, मायेच्या सुरात म्हणाले, “उद्या हे क्योबाशीच्या गेम सेंटरला लावतोय. आठवडाभर तू तिथे थांब. बायका आल्या, खेळल्या, तर पाकोळी बाजारात. नाही आल्या तर हा विषय संपला. मुतोला मोटारींच्या शर्यतीवर घेतो, आणि तुला आपल्या विक्रीच्या दालनात. तिथे तुझ्यासारखी हसतमुख मुलगी हवीच आहे.”

चिझुरु हसतमुख नव्हती. आत्ता तर मुळीच नव्हती.

क्योबाशीचं ते गेम सेंटर रेल्वेच्या पुलाखाली होतं. गाडी वरून गेली की सगळे पडदे क्षणभर थरथरायचे. मालक बांदो म्हणून होते, साठीच्या आसपासचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. शिरोयामांच्या सूचनेप्रमाणे त्यांनी गुलाबी मशीन अगदी दारात, रस्त्यावरून नजर पडेल असं मांडलं होतं.

“ताई, हे मशीन आहे की लग्नाचा केक?” त्यांनी पहिल्याच सकाळी विचारलं.

“रंग मी दिलेला नाही.”

“तुम्ही दिला असतात तरी मी हेच विचारलं असतं.”

पहिले दोन दिवस चिझुरु मशीनपासून चार हातांवर, हातात प्रश्नांचा कागद घेऊन उभी राहिली. माणसं खेळत होती. टाय लावलेला एक कारकून जेवणाच्या सुट्टीत येऊन बसला, आधी आपला कोट काढून फुलांवर पांघरला आणि मग सुट्टी संपेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी तो दोघा मित्रांना घेऊन आला. त्यांच्या मागे आणखी चौघे. सूर मारला की सगळे मिळून ‘ओऽऽ’ करायचे. कुठल्याही दुसऱ्या खेळाच्या बाबतीत चिझुरु हे ऐकून हवेत तरंगली असती.

बायका यायच्या नाहीत असं नाही. दारातून दिसायच्या, थांबायच्या. “अगंबाई, केवढं हे गुलाबी!” म्हणून एकमेकींना ढकलायच्या आणि पुढे जायच्या. कुणाचा मित्र बरोबर असला तर तो खेळायचा आणि ती त्याची छत्री धरून बाजूला उभी राहायची. एकदा एक मुलगी बसली. बसल्याबरोबर तिचा मित्र मागे आला, तिच्या खांद्यावरून वाकला, तिच्या हातावर हात ठेवून दांडी फिरवू लागला. “अशी नाही गं, अशी. बघ. बघितलंस?” पाकोळी छान उडत होती. मुलगी पडद्याकडे बघतच नव्हती. ती समोरच्या काचेत आपले केस नीट आहेत का ते बघत होती.

“कसा वाटला खेळ?” चिझुरुने नंतर तिला गाठून विचारलं.

“छान आहे,” मुलगी म्हणाली. “यालाच विचारा ना.”

संध्याकाळी शिरोयामांचा फोन आला. किती बायका, त्यांनी विचारलं. चिझुरुने सांगितलं.

“आवाज बदलूया का?” शिरोयामा म्हणाले. “पाकोळी मेली की बाळ रडल्याचा आवाज?”

तिने फोन ठेवला. बांदो-सान बाजूला उभं राहून भाजलेल्या रताळ्याचा तुकडा सोलत होते. त्यांनी अर्धा तिला दिला.

चौथ्या दिवशी, दुपारच्या सुस्त वेळेला, एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या. निळसर सूट, टोकाशी झिजलेले बूट, आणि खांदा एका बाजूला झुकेल एवढी जड पिशवी. घरोघर जाऊन विमा विकणाऱ्या बायका अशाच दिसतात. चिझुरुच्या आईकडेही एक यायची. त्यांनी गेम सेंटरभर नजर फिरवली आणि गुलाबी मशीनसमोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

“इथे जरा टेकलं तर चालेल का हो? की खेळलंच पाहिजे?”

“टेका ना. खेळायची सक्ती नाही.”

बाई बसल्या. पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी मांडीवर घेतली. पडद्यावर पाकोळी आपली आपण उडून दाखवत होती. बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पर्समध्ये चाचपून त्यांनी एक नाणं काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि पटकन आत टाकलं, कुणी बघायच्या आत चोरून गोळी तोंडात टाकावी तसं.

कुणी बरोबर नाही, कुणी सांगितलं नाही, आपल्या मनाने बसलेली ही पहिली बाई.

पहिली पाकोळी लगेच गेली. दुसरीही. पण दुसरीच्या वेळी बाईंनी एक कावळा जवळजवळ तारेपर्यंत नेला होता. चिझुरु एक पाऊल पुढे सरकली. बाईंना ते समजतंय, तिला दिसत होतं. फक्त त्या घाईने वळत होत्या. अर्ध्या क्षणाने उशिरा वळल्या की झालं. एवढंच. एवढी एक गोष्ट कळली की पोटात तो पाळणा हलणार होता, आणि मग या बाई उठणार नव्हत्या.

“तारेच्या खालून,” चिझुरु म्हणाली.

बाईंनी दचकून मान वळवली. तेवढ्यात पाकोळीला कावळ्याने गाठलं.

“नाही नाही, इकडे नका बघू, तिकडे बघा. नाणं टाका अजून एक. हां. आता थांबा. अजून थांबा. डावीकडे. काकू, डावीकडे! अहो, तो वरचा कावळा नाही, त्याला येऊ दे, तुम्ही आधीच वळता आहात, थांबा...”

आणखी दोन पाकोळ्या गेल्या. चिझुरुचा हात पुढे गेला आणि बाईंच्या हातावरून दांडीवर पडला.

बाईंनी हात काढून घेतला. रागाने नाही, अगदी सावकाश. पिशवी सावरून त्या उठल्या आणि त्यांनी स्टूल चिझुरुच्या दिशेने जरासं सरकवलं.

“बसा तुम्ही. तुम्हाला छान येतंय.”

“नाही, मी... तुम्ही खेळत होतात. तुमचं नाणं आहे.”

“असू दे हो. मला सवय आहे.” बाई हसल्या. “घरी मी मुळा किसत असले तरी आमचे हे मागे उभे राहून सांगतात, किसणी तिरकी धर म्हणून. चाळीस वर्षं मी मुळा किसतेय. बसा, बसा. एक पाकोळी शिल्लक आहे अजून.”

एवढ्या मोठ्या बाईने आर्जवाने पुढे केलेली जागा नाकारायची तर भांडायलाच हवं होतं. चिझुरु बसली. दांडी अजून कोमट होती. मागे बाई उभ्या राहिल्या, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, शिकायला आलेल्या माणसासारख्या.

चिझुरुला आपली मान जाणवायला लागली. नंतर कान. केस सकाळी नीट बांधले होते का, सदऱ्याच्या कॉलरची घडी मागून मळलेली तर नाही ना, असलं काहीबाही. पाकोळी सुटली. हिच्या शेपटीचा एकेक ठिपका तिने स्वतः भरला होता, कुठला कावळा कुठून येतो ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. कावळा आला. ती वळली. आधीच वळली.

पिसं खाली आली ती पाकोळीची.

“अगंबाई,” मागून बाई हळहळल्या. “जाऊ दे हो. पहिल्यांदा असंच होतं.”

जाताना त्यांनी तिच्या हातात विमा कंपनीचं नाव छापलेलं कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि उन्हात निघून गेल्या. चिझुरु स्टुलावरच बसून होती. वरून गाडी गेली, सगळे पडदे थरथरले आणि स्थिर झाले. तिचे कान अजून तापलेले होते.

मग ती उठली आणि मशीनच्या मागे जाऊन तिने वायर भिंतीतून उपटली.

“ओ ताई! काय करताय?” बांदो-सान गल्ल्यावरून ओरडले.

“हलवायचंय हे.”

“कुठे?”

तिने बोट दाखवलं. आतल्या कोपऱ्यात, थंड पेयांच्या मशीनच्या पलीकडे. “तोंड भिंतीकडे. पाठ आपल्याकडे. मध्ये स्टुलापुरती जागा.”

बांदो-सान डोक्यावरचा टॉवेल काढून तिच्याकडे बघत राहिले. “पाठ गिऱ्हाइकाकडे? हा धंदा कळतो का तुम्हाला? एक खेळतो आणि पाच बघतात, मग त्या पाचांचे हात शिवशिवायला लागतात. मागची गर्दी म्हणजेच आपलं दुकान. तिथे नेऊन उलटं ठेवलं तर पडदा दिसणार कुणाला?”

“जो खेळेल त्याला.”

“आणि बाकीच्यांना?”

“बाकीच्यांना नाही दिसणार.”

“तुमच्या साहेबांना विचारलंत?”

चिझुरुने मशीनला खांदा लावला. ते हाताभर उंचीच्या चार लोखंडी पायांवर उभं होतं, आणि एकटीने ढकललं तसा एक पाय फरशीवर असा किंचाळला की शर्यत खेळणारे दोघे तिघे वळून बघायला लागले. तिने पुन्हा ढकललं. मशीन बोटभर सरकलं. ती कुणावर चिडली होती ते तिला सांगता आलं नसतं. शिरोयामांवर, मुतोवर, त्या मुलीच्या मित्रावर, बाईंच्या नवऱ्यावर, की स्वतःच्या त्या हातावर. पण चीड होती हे चांगलं होतं, तिच्या जोरावर तिसऱ्यांदा ते वीतभर सरकलं.

“थांबा, थांबा. फरशी फोडाल माझी,” बांदो-सान बाहेर येत म्हणाले. त्यांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. “दारात तरी ते कुठे बायका खेचतंय म्हणा. पण मी सांगून ठेवतो, चुकतंय तुमचं.”

दुसरा दिवस गेला तो त्यांचंच खरं करत. टाय लावलेला कारकून आला, दाराशी घुटमळला, मशीन नाही असं बघून शर्यतीला बसला. पुरुषांना ते सापडलं नाही आणि बायकांना ते तिथे आहे हे ठाऊकच नव्हतं. हॉलच्या बाजूने दिसायची ती फक्त प्लायवूडची पाठ, हवेसाठी पाडलेली भोकं आणि लोंबणारी वायर. फुलं एका बाजूला भिंतीत आणि दुसऱ्या बाजूला पेयांच्या मशीनमागे दडली होती. चिझुरुने दाराशी एक छोटी पाटी लावली, ‘पाकोळी आत आहे’. प्रश्नांचा कागद तिने घडी करून एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला, आणि कोपऱ्याकडे पाठ करून गल्ल्याजवळ बसली. कधीतरी नाणं पडल्याचा, कधी सूर मारल्याचा आवाज आल्यासारखा वाटायचा. वळून बघावं म्हणून मान दुखायला लागायची. ती बांदो-सानांच्या कपाटातली सुटी नाणी लावत बसली, त्यांनी न सांगताच.

शनिवारी दुपारी शिरोयामा आले ते मिनोबे साहेबांना घेऊन. मिनोबे म्हणजे कंपनीचे संस्थापक. गच्चीवरचा पहिला डुलता हत्ती त्यांनी स्वतःच्या हातांनी केला होता. आता ते फारसे कार्यालयात यायचे नाहीत. शिरोयामांनी दारातली रिकामी जागा बघितली, मग पाटी, मग चिझुरुला.

“मशीन कुठाय?”

तिने दाखवलं.

शिरोयामा प्लायवूडच्या पाठीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या मानेवर लाली चढत गेली. “हे काय आहे, ओगाता? साहेबांसमोर? हे उलटं आहे!”

“हो.”

“फुलं कुठायत?”

“आहेत. दिसत नाहीत.”

तेवढ्यात पलीकडून पंख फडफडल्याचा आवाज आला, नंतर कावळा तारेवर आपटल्याचा, आणि लगेच दुसरा आपटल्याचा.

“कुणीतरी खेळतंय,” शिरोयामा म्हणाले. “कोण आहे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही? मग तुला आठवडाभर इथे ठेवलंय कशाला? बाई आहे की पुरुष?”

“मी बघितलं नाही.”

शिरोयामा पेयांच्या मशीनच्या कडेने आत शिरायला निघाले. चिझुरु त्यांच्या आधी तिथे पोचली आणि त्या अरुंद जागेत उभी राहिली. शिरोयामांच्या वाटेत ती पहिल्यांदाच अशी उभी राहिली होती.

“आत एकाचीच जागा आहे, शिरोयामा-सान.”

“मी नुसता बघतो. मागे उभा राहून. एक अक्षर बोलणार नाही.”

“मागे जागाच नाहीये.”

“मग आपल्याला कळणार कसं, त्यांना काय आवडतं ते?”

चिझुरु तिथून हलली नाही. शिरोयामांनी मदतीसाठी मिनोबे साहेबांकडे बघितलं, तर साहेब तिथे नव्हते. म्हणजे होते, पण खाली होते. एक हात गुडघ्यावर आणि एक फरशीवर टेकून, कोटाची टोकं सावरत ते उकिडवे बसले होते आणि मशीनच्या लोखंडी पायांमधून पलीकडे बघत होते.

“बाई आहेत,” ते हळूच म्हणाले.

शिरोयामा झटकन खाली बसले. चिझुरुलाही राहवलं नाही. तीही वाकली.

स्टुलाचे पाय दिसत होते. त्यांच्या शेजारी पांढरे रबरी बूट, मासळीच्या दुकानात घालतात तसले, गुडघ्यापर्यंतचे. त्यांच्यावर खवले वाळून चकाकत होते. दोन्ही रिकामे होते, एक उभा आणि एक आडवा पडलेला. बाजूला जाड लोकरी मोज्यांतली दोन पावलं, एकावर एक चढवलेली, आणि वरच्या पावलाचा अंगठा सारखा हलत होता.

“बूट काढलेत,” मिनोबे साहेब म्हणाले.

“पाय दुखत असतील,” शिरोयामा कुजबुजले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. “साहेब, पुढच्या मशीनबरोबर सपाता देऊया! गुलाबी.”

पलीकडे पिसं गळल्याचा आवाज झाला, मग खेळ संपल्याचे ते उतरते सूर वाजले. “छ्या!” एक घोगरा आवाज म्हणाला. अंगठा थांबला. एक पाऊल खाली आलं, चाचपडत आडव्या बुटापर्यंत गेलं, अर्ध्यापर्यंत आत शिरलं. चिझुरुने फरशीवर हात घट्ट दाबून धरला.

पाऊल आतच राहिलं थोडा वेळ. मग बाहेर आलं आणि त्याने बूट भिंतीकडे ढकलून दिला. नाणं पडलं. पाठोपाठ आधी ते पाऊल जमिनीवरून उचलून वर स्टुलावर घेतलं गेलं, मग दुसरं. स्टूल जरासं करकरलं, आणि मशीनखाली नुसते बूट उरले.